गिरणीवाल्याच्या घरात गहू बंद

खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी मला लग्न झालंय का, गाव कुठलं, पाहुणेरावळे किती येतात, यातलं काहीही विचारलं नाही. गिरणीच्या दारात उभं राहून, भुवयांवरचं पीठ न झटकता त्यांनी एकच प्रश्न केला, "चपाती कंच्या गव्हाची खाता?"

"मेसची," मी म्हणालो.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग घरी कुणी वारल्याचं कळल्यावर बोलावं तशा आवाजात म्हणाले, "ऱ्हावा मग."

मी आष्ट्यातल्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायला नुकताच लागलो होतो. मूळचा साताऱ्याचा, एकटा. मालकांची इमारत साधी होती. पुढं पिठाची गिरणी, मागं त्यांच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर माझी खोली. सकाळी गिरणी सुरू झाली की सगळी इमारत थरथरायची. टेबलावर ठेवलेला चहाचा कप आपल्या पायांनी कडेपर्यंत चालत जायचा. मुक्कामाच्या सगळ्या वर्षांत मला अंगाला लावायची पावडर विकत घ्यावी लागली नाही.

गावात त्यांना सगळे मालकच म्हणत, म्हणून मीही मालक म्हणू लागलो. पालिका, राजकारण, क्रिकेट यांविषयी त्यांना मत नव्हतं. मत होतं ते पिठाविषयी. चक्कीतून उतरणारं ऊन पीठ ते अंगठा आणि बोटात चोळायचे, डोळे मिटायचे आणि समोरच्या बाईला तिच्या घरची बातमी सांगायचे. "सून नवी दिसती. गहू नीट वाळीवला न्हाई." बाई चकित व्हायची. सून नवी आहे हे साऱ्या गल्लीला माहीत असायचं, पण ते पिठातून कळणं वेगळं. लोकांनी घरी आणलेल्या छोट्या चक्क्यांना ते 'खेळणं' म्हणत. आणि माणसाचं कुठलंही दुखणं चांगल्या गव्हानं बरं होतं, यावर त्यांची इतकी श्रद्धा होती की त्यांच्याकडे पडसं झालेला माणूससुद्धा जपून शिंकायचा.

ही श्रद्धा सर्वांत जास्त सोसली ती काकूंनी. काकू म्हणजे मालकांची बायको. काडीसारखी बारीक, पिवळट चेहरा, चार पायऱ्या चढल्या की भिंतीला हात. पोट कायम बिघडलेलं. गेली दहा-पंधरा वर्षं असंच चालू आहे असं त्या सांगायच्या, तेही एखाद्या जुन्या भाडेकरूबद्दल सांगावं तसं, फारसा राग न धरता. मालक त्यांच्यासाठी दर थंडीत आपल्या हातानं गव्हाचं सत्त्व करायचे. गहू तीन दिवस भिजवायचे, वाटायचे, गाळायचे, खालचा साका उन्हात वाळवायचे. त्याशिवाय खपलीची खीर, लापशी, तुपातला शिरा. काकू खंगल्या की मालक गहू वाढवायचे, गहू वाढला की काकू आणखी खंगायच्या. गिरणीच्या पट्ट्यासारखं हे सारखं फिरत होतं आणि ते थांबवावं असं कुणाला वाटत नव्हतं, कारण त्यात सगळ्यांचं एकमेकांवर प्रेम होतं.

मी राहायला गेल्यावर वर्षभरात काकू न्हाणीत चक्कर येऊन पडल्या. सांगलीला मोठ्या डॉक्टरांकडं न्यायचं ठरलं. मी विज्ञानाचा मास्तर, म्हणून मलाही बरोबर घेतलं. रक्त तपासलं, तोंडातून नळी घालून आतड्याचा तुकडा काढला. आठ दिवसांनी आम्ही तिघं पुन्हा डॉक्टरांसमोर बसलो.

"गहू बंद," डॉक्टर म्हणाले. "कायमचा. रवा, मैदा, पाव, बिस्किट, शेवया, सगळं बंद."

"कंचा गहू?" मालकांनी विचारलं.

"कुठलाही."

"खपली चालंल. खपली हलकी आसती."

"खपली म्हणजे गहूच. तीही बंद."

मालकांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा भिंतीवरच्या आतड्याच्या चित्राकडं पाहिलं. मग टेबलावर पुढं वाकून, ही एवढी एक गोष्ट कळली तर डॉक्टर औषध बदलतील अशा आशेनं ते म्हणाले, "डॉक्टर, आमची गिरणी हाय."

डॉक्टर तरुण होते. त्यांना हसू आलं नाही, याचं मला आजही कौतुक वाटतं.

घरी आल्यावर मालकांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. "त्यो गुल्टेन का काय म्हनला त्यो डॉक्टर, त्यो दावा मला." मी कणकेचा गोळा मळून घेतला आणि नळाखाली धरून चोळत राहिलो. पांढरं पाणी वाहून गेलं. हातात चघळलेल्या गोंदासारखा एक चिवट राखाडी लगदा उरला. मालकांनी तो दोन्ही हातांनी ताणला. तो ताणला गेला, तुटला नाही.

"ह्याला आमी ताण म्हंतो," ते हळूच म्हणाले. "ज्या गव्हाला ताण न्हाई त्यो गहू कसला?"

"काकूंना त्या ताणाचाच त्रास होतो."

त्यांनी तो लगदा एका वाटीत ठेवला. दोन दिवस जाता-येता ते त्या वाटीत डोकावत होते. पोलिसांनी पकडलेला चोर आपल्याच भावकीतला निघावा, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

त्यानंतर मालकांनी गहू सोडला नाही. त्यांनी गव्हाशी लढाई पुकारली. पुण्यात नोकरीला असलेल्या त्यांच्या मुलानं 'ग्लुटेन फ्री' असं छापलेल्या पाकिटांचा खोका पाठवला. मालकांनी भिंग लावून एका पाकिटाची पाठ वाचली आणि मला हाक मारली. "मास्तर, ह्यात शाळू हाय, आपली थंडीतली ज्वारी. नुसता शाळू! शाळूत गहू न्हाई ह्ये सांगाय इंग्रजी कशाला पायजे?" खोका उरलेल्या पाकिटांसह परत पुण्याला गेला. आपण घरीच करायचं, असं ठरलं.

भाकरी तर होतीच. काकूंचं म्हणणं, भाकरी, भात, आमटी एवढ्यावर आयुष्य जाईल की. पण मालकांना ते मान्य नव्हतं. आजारपणात बाईला बिस्किट, खारी, शंकरपाळी, चकली काही मिळू नये, हा त्यांना गिरणीचा अपमान वाटत होता. म्हणून रोज संध्याकाळी गिरणी बंद झाली की प्रयोग सुरू व्हायचे. खाऊन मत द्यायला दोघं असायचे. एक मी. दुसरे पलीकडच्या चौकातले बेकरीवाले चाचा, मालकांचे शाळेपासूनचे दोस्त. एकाची हयात गव्हात गेली, दुसऱ्याची मैद्यात. दोघांनी मिळून गव्हावाचून फराळ करायचा म्हणजे दोन पोहणाऱ्यांनी पाण्याशिवाय शर्यत लावण्यासारखं होतं.

मालकांनी एक वही घातली. प्रयोग क्रमांक, साहित्य, परिणाम. चाचांचं मत बहुतेक वेळा एकच असायचं. "चांगलं हाय गड्या. पन खाता येत न्हाई."

शाळूच्या पिठाच्या पहिल्या शंकरपाळ्या चाचांनी ताटलीवर वाजवून बघितल्या. "न्हाणीत फरशी म्हनून घालाय बऱ्या हायत," म्हणाले. दुसऱ्या खेपेच्या शंकरपाळ्या कढईतच विरघळल्या, तळाशी नुसती वाळू. गव्हाशिवाय पिठाला धरून ठेवणारं काही नसतं, हे दोघांना आता कळलं होतं. चाचांनी नानकटाईत इसबगोल घालायची युक्ती काढली. बांधणी झकास झाली. आम्ही तिघांनी चवीनं पाच-पाच खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी बेकरी बंद होती, गिरणी उशिरा उघडली आणि मी शाळेत किरकोळ रजा टाकली. वहीत मालकांनी लिहिलं, 'बांधणी चांगली. सुट्टी जास्त.'

हा सगळा गोंधळ काकू दारात बसून बघायच्या. एके दिवशी, बांधणीवर दोन्ही तज्ज्ञांचा वाद अगदी रंगात आला असताना त्या म्हणाल्या, "आवं, भाकरीचं पीठ आमी ऊन पान्यात मळतो, त्ये काय हौस म्हनून?"

दोघांनी लगेच आधण ठेवलं. शाळूचं पीठ उकळत्या पाण्यात उकडून घेतल्यावर शंकरपाळ्या तुटेनात, विरघळेनात, दातही पडेनात. वहीत नोंद झाली, 'प्रयोग अकरा, यशस्वी.' पुढं शोधकर्ता म्हणून मालकांचं आणि चाचांचं नाव होतं.

पण खरा पराक्रम सोयासॉसचा. झालं असं की काकूंना एक छुपी आवड होती. स्टँडजवळच्या गाड्यावरचं कोबी मंच्युरियन. बाजाराला गेल्या की पदराआड एक प्लेट खाऊन यायच्या. हे मालकांना तीस वर्षांत माहीत नव्हतं, डॉक्टरांनी 'बाहेरचं काय काय खाता' विचारलं तेव्हा बाहेर पडलं. त्यात मैदा असतो हे सरळ होतं. त्या काळ्या सॉसमध्येही गहू असतो हे मी बाटली वाचून सांगितलं, तेव्हा मालक कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "आपल्याकडं शिवारात निम्मा सोयाबीन हाय, आन् सॉस चीनचा?"

मोबाईलवर त्यांनी कुणा जपानी म्हाताऱ्याचा व्हिडिओ चार वेळा बघितला. पाच किलो सोयाबीन शिजवलं, गव्हाऐवजी तांदळाचं पीठ लावलं, बुरशी धरायला सुपांत पसरलं आणि मग मिठाच्या पाण्यात घालून बरणी उन्हात ठेवली. ऊन गच्चीवर होतं. गच्ची माझ्या खोलीच्या दारासमोर होती.

आठव्या दिवशी शेजारच्या बाईनं मालकांना बोलावून सांगितलं की तुमच्या पोटमाळ्यावर घूस मेली आहे. दहाव्या दिवशी समोरचा म्हणाला, एक नाही, दोन. बाराव्या दिवशी नगरपालिकेचा आरोग्य खात्याचा माणूस नाकाला रुमाल लावून जिना चढून आला. मालकांनी बरणीचं झाकण उघडून त्याला आत बघायचा आग्रह केला.

"ह्ये जपानी लोनचं हाय सायेब. आजून सा म्हैनं मुरायचंय."

तो माणूस अर्धा जिना कसा उतरला हे त्यालाही आठवत नसेल. बरणी गावाबाहेर मळ्यात पुरावी लागली.  तिसऱ्या दिवशी काकूंनी काकवी, चिंचेचा कोळ, काळं मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड पातेल्यात उकळली. दहा मिनिटांत काळाभोर, आंबट-गोड-खारट सॉस तयार झाला. तांदळाच्या पिठात घोळवलेली कोबीची भजी त्यात परतून त्यांनी आमच्यापुढं ठेवली. चाचांनी खाल्लं. पुन्हा खाल्लं. पहिल्यांदाच म्हणाले, "खाता येतंय की रं!"

इथवर सगळं गमतीचं होतं. अडचण एकच होती. काकू बऱ्या होत नव्हत्या.

पहिले काही आठवडे जरा बरं वाटल्यासारखं झालं. मग पुन्हा तेच. पोट, थकवा, चक्कर. वजन वाढायचं सोडून आणखी उतरलं. सांगलीचे डॉक्टर म्हणाले, कुठून तरी गहू पोटात जातोय. मालकांनी त्या दिवशी घरी येताच चपात्यांचा डबा उघडला.

मी वर तपासायच्या वह्या घेऊन बसलो होतो. खालून आवाज आला.

"डब्यात पाच चपात्या व्हत्या. मी तीन खाल्ल्या. एक ऱ्हायली. पाचवी कुटं गेली?"

त्या वेळी मालक स्वतः चपात्या खायचे, शेजारीण लाटून द्यायची. काकूंचं उत्तर ऐकू आलं नाही.

"मंच्युरियन चोरून खाल्लंस, चपाती खाया काय हरकत हाय! मी हितं हाडाची काडं करतोय, मास्तर दात पाडून घेतोय, आन् तू..."

"पाचवी गाईला घातली," काकू म्हणाल्या. इतकंच. त्यांचा आवाज चढलाच नाही.

सकाळी त्यांनी एक पिशवी भरली आणि एसटीनं कोरेगावला माहेरी भावाकडं निघून गेल्या. मालक गिरणीत दळण घालत उभे होते. गिरणी एवढ्या जोरात चालू होती की जाताना त्या काय म्हणाल्या हे त्यांना ऐकूच आलं नाही, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. त्या काही म्हणाल्याच नव्हत्या. मी जिन्यात उभा होतो.

पंधरा दिवस मालकांनी वहीला हात लावला नाही. पिठाला अंगठा लावून घरच्या बातम्या सांगणंही बंद झालं. मग एका शनिवारी मला म्हणाले, "मास्तर, उद्या घरी साताऱ्याला जानार न्हवं? वाटंत कोरेगावला उतरू या." कोरेगाव माझ्या वाटेत नव्हतं, उलट पुढं जाऊन मागं यावं लागत होतं. मी हो म्हणालो.

काकूंच्या भावाचं घर बाजारपेठेच्या मागं होतं. काकू अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. मी त्यांना पटकन ओळखलं नाही. गालांवर रंग आला होता. आम्हाला बघून त्या उठल्या, आत गेल्या, पाण्याचे तांबे घेऊन आल्या, आणि हे सगळं भिंतीला हात न लावता झालं.

मालकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. आधी आनंद, मग तो आनंद आपल्या घराबाहेर झाला याचा अपमान. बायकोशी बोलायचं सोडून त्यांनी मेहुण्याच्या बायकोलाच धरलं.

"वैनी, हिला काय घालता खायाला?"

"काय घालनार? भाकरी, पिठलं, आमटी."

"हिंग?"

"हिंग कशाला? आमी लसूनच घालतो."

"मेतकूट?"

"आमच्यात कुनी खात न्हाई."

मेतकुटाचं नाव निघालं तसा मी चमकलो. काकूंच्या मेतकुटात डाळी-तांदळाबरोबर मूठभर गहू भाजून घातलेला असायचा, आणि मूठभरानं काय होतंय म्हणून तो आम्ही कुणी मोजलाच नव्हता. मी वैनींना त्यांच्या शेजारणीकडची हिंगाची डबी आणायला सांगितली. डबीवर बारीक अक्षरात घटक लिहिले होते. हिंग तिसऱ्या नंबरावर होता. पहिल्यावर गव्हाचं पीठ. आमच्या घरी हीच डबी होती. आम्ही इतके दिवस काकूंना चकलीत, चटणीत, लोणच्यात, शाळूच्या प्रत्येक यशस्वी प्रयोगात चिमूट चिमूट गहूच घालत होतो. आणि हे विज्ञानाच्या मास्तरनं बाटलीवरचं वाचलं, डबीवरचं वाचलं नाही.

पण मालक डबीकडं बघत नव्हते. ते विचारत होते, "शाळू दळता कुटं?"

"घरातच की," वैनींनी कोपऱ्यातली छोटी चक्की दाखवली. "गव्हाचा तयार आटा आनतो आमी. हिच्यावर शाळूबिगर काय घालत न्हाई."

मालक त्या 'खेळण्या'समोर उकिडवे बसले. झाकण उघडलं. आतलं पीठ अंगठ्यावर घेऊन बराच वेळ चोळत राहिले. मला वाटलं, आता ते या पिठाला नावं ठेवतील. ते उठले आणि काकूंना म्हणाले, "आनखी म्हैनाभर ऱ्हा हितंच."

"का? चपात्या मोजून व्हायच्या हायत व्हय आजून?" काकूंनी विचारलं.

मालकांनी टोपी काढली, आत बघितलं, पुन्हा घातली. 

स्टँडवर माझ्या आणि त्यांच्या गाड्या वेगळ्या होत्या. त्यांची गाडी लागली तरी ते चढेनात. "मास्तर," ते म्हणाले, "चक्कीतनं पयलं अर्धा किलो पीठ उतरतं त्ये मागल्या गिऱ्हाइकाचं आसतंय. शाळू टाका न्हाईतर बाजरी टाका, आधी मागला गहूच भायेर येतो. बायका ह्याच्यावरनं रोज भांडत्यात माझ्याशी. मी त्यास्नी सांगतो, एवढ्यानं काय मरताय व्हय." त्यांनी गाडीच्या दांड्याला धरलं आणि पुन्हा सोडलं. "तिचं पीठ मीच दळून न्हेत व्हतो. माझ्या हातानं."

 मी म्हणालो, "गाडी सुटंल."

पुढच्या आठवड्यात गिरणी बंद होती. मालकांनी दगड खोलले, धुतले, वाळवले, पट्टे बदलले, भिंती खरवडून चुना दिला. माझी खोलीसुद्धा पुसून घेतली. माझ्या पुस्तकांमधून निघालेल्या पिठाची दोन माणसांची भाकरी झाली असती. नवव्या दिवशी दारावर पाटी लागली, 'येथे गहू दळून मिळणार नाही.'

गावाला हे कळायला वेळ लागला. बायका पाटी वाचून आत यायच्या आणि गव्हाचा डबा पुढं करायच्या. त्यांना वाटायचं, पाटी दुसऱ्या कुणासाठी आहे. मग बातम्या उठल्या. मालकांनी नवस केलाय. मालकांच्या डोक्यावर परिणाम झालाय. गव्हाचा रोग संसर्गाचा आहे आणि तो त्या गिरणीतून येतो. चाचा एकटेच तोंडावर बोलले. "आरं, गिरनीत गहू न्हाई म्हंजे मशिदीत अजान न्हाई. गिऱ्हाईक जानार समदं."

"जाऊंदे."

"खाशील काय?"

"भाकरी," मालक म्हणाले.

गिऱ्हाईक खरंच गेलं. शाळू, तांदूळ, नाचणी, हरभरा एवढ्यावर गिरणी दुपारपर्यंत कशीबशी चालायची. दुपारनंतर मालक खुर्चीवर बसून पेपरातल्या जाहिरातींचं बारीक अक्षर भिंगातून वाचायचे. सांगलीतून त्यांनी शुद्ध हिंगाचा खडा आणला आणि तांदळाच्या पिठात स्वतः बांधला. त्या वासानं शेजारीण पुन्हा घुशीचं बोलू लागली. महिन्याभरानं काकू परत आल्या. मालकांनी त्यांना गिरणी दाखवली, चुना दाखवला, हिंग दाखवला. माफी वगैरे मागितल्याचं मी ऐकलं नाही. काकूंनी सगळं बघून घेतलं आणि म्हणाल्या, "खिडकीची वरची फळी ऱ्हायली पुसायची." ती मालकांनी लगेच पुसली.

त्या हळूहळू भरल्या. अंगावर मांस आलं, आवाज आला. आवाज आल्यावर कळलं की त्या चांगल्याच तिखट बोलायच्या, इतकी वर्षं नुसत्या दमलेल्या होत्या.

घरात आता चपातीही बंद होती. मालक म्हणायचे, शाळू पोटाला चांगला, गव्हाची आठवणसुद्धा येत नाही. एकदा बेकरीत पाव आणायला गेलो तर मागच्या बाजूला, मैद्याच्या पोत्यांच्या आड मालक चाचांच्या घरची ऊन चपाती गुळाबरोबर खाताना दिसले. मला बघून ते दचकले, पण घास टाकला नाही. खाऊन झाल्यावर साबणानं हात धुतले, चूळ भरली, तिथंच खुंटीला टांगलेला दुसरा सदरा घातला. "हिला सांगू नगा," म्हणाले. "वाईट वाटंल तिला."

मी सांगितलं नाही. दोन दिवसांनी काकूच जिन्यात म्हणाल्या, "चाचांच्या घरला तूप पाठवायचंय मास्तर, जाता जाता द्या. ह्यांना कोरडी चपाती घशाखाली उतरत न्हाई." आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या. पाचव्या चपातीबद्दल त्यांनी मालकांना कधी टोमणा मारला नाही. तूप मात्र दर पंधरवड्याला जायचं.

मग माझी साताऱ्याला बदली झाली. मागच्या वैशाखात काकूंच्या भाचीचं लग्न कोरेगावला होतं, मलाही बोलावणं आलं. लग्नाच्या जेवणाला काकू कित्येक वर्षांत गेल्या नव्हत्या. पूर्वी गेल्या तरी कोपऱ्यात बसायच्या, बायका येऊन 'काय गं तुझी तब्येत' म्हणून हळहळायच्या आणि आपापल्या पंगतीला जायच्या. या वेळी त्या हिरवी साडी नेसून मांडवात ठसक्यात फिरत होत्या. त्यांच्या मागं पांढऱ्या टोपीत, हातात तीन कप्प्यांचा डबा घेऊन मालक.

डबा कुणाच्या ताब्यात न देता मालक आधी मागच्या आचाऱ्यांकडं गेले.

"मसालेभातात हिंग कंचा?"

आचारी घामानं निथळत होता. "आवं पाव्हनं, हिंगाला काय जात आसती व्हय?"

"आसती," मालक म्हणाले आणि त्याला समजावू लागले. काकूंनी हात धरून त्यांना ओढून आणलं.

पंगत बसली. पानांवर पुऱ्या, जिलबी, मसालेभात. काकूंनी आपल्या पानावर डबा उघडला. चकली, उकडीच्या शंकरपाळ्या, शेंगदाण्याच्या लाल चटणीत परतलेला भात. शेजारच्या बाईनं विचारलं, "काय गं ह्ये?" आणि उत्तराची वाट न बघता एक शंकरपाळी उचलली. "आगं, ही तर तोंडात इरघळती!" मग पलीकडचीनं हात घातला. मग समोरच्या ओळीतल्या दोघी उठून आल्या. पुरीचे हात, जिलबीचे हात, सगळे डब्यात.

"हात धुवून! आगं हात धुवून!" मालक ओरडत होते. कुणी ऐकलं नाही. काकू डबा एकीकडून दुसरीकडं सरकवत, कशात काय घातलंय ते सांगत होत्या. कुणीतरी कृती लिहून मागितली. दोन मिनिटांत डब्यात चकलीचा चुरा उरला, आणि गव्हाचे हात लागलेला तो चुराही काकूंना चालणार नव्हता.

मालकांनी रिकामा डबा उचलून धरला. "आता तू काय खानार? समद्यांनी मिळून उपाशी ठेवली तुला!"

"गप बसा," काकू म्हणाल्या. "माज्या डब्याला चार बायकांनी हात लावलाय. पोट भरलं माजं." त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्या हसत होत्या.

मालकांनी आपल्या पानाकडं बघितलं. दोन गरम पुऱ्या, वर जिलबी. त्यांनी पान पुढं सरकवलं, उठले, मांडवाच्या दारात बांधलेल्या केळीच्या घडाकडं गेले आणि दोन पिकली केळी तोडून आणली. माझ्याशेजारी थांबून त्यांनी हळूच विचारलं, "मास्तर, केळ्यात तर काय घालत न्हाईत न्हवं?"

"नाही," मी म्हणालो.

तरीही त्यांनी दोन्ही केळी रुमालानं पुसली, एक सोलून काकूंच्या हातात दिलं, आणि त्यांच्या शेजारी मांडी घालून स्वतः दुसरं खाऊ लागले.